हंगामी की काळजीवाहू? कार्लटनच्या कोचवादामागची गोष्ट

२०२५ च्या हंगामात कार्लटनने, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या लीगमधल्या (एएफएल) मेलबर्नच्या एका क्लबने, पहिल्याच सामन्यात रिचमंडविरुद्ध ४१ गुणांची आघाडी घालवली आणि तिथूनच कोचच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात झाली. हंगाम संपला तेव्हा २३ सामन्यांत ९ विजय आणि अकरावं स्थान. 'हाकला' म्हणणारे आणि 'राहू द्या' म्हणणारे, दोघंही दाखला मात्र एकाच वर्षाचा देत होते: २०१९. पहिल्यांच्या मते तेव्हा क्लबने जुन्या कोचला काढायला फार उशीर केला. दुसऱ्यांच्या मते नव्याला नेमायला फार घाई केली. दोघांचंही खरं आहे, म्हणून तर हा वाद मिटत नाही.

जुना इतिहास थोडक्यात. क्लब १८६४ चा, नावावर १६ प्रीमियरशिप (विजेतेपदं), त्यातली शेवटची १९९५ ची. त्या वर्षी साखळीत फक्त दोन पराभव आणि ग्रँड फायनल ६१ गुणांनी खिशात. १९०६ ते १९०८ सलग तीन वेळा जिंकून देणारा माणूस कागदोपत्री क्लबचा सचिव होता. अनेक जण त्यालाच या खेळातला पहिला कोच मानतात. पुढच्याच वर्षी खेळाडूंच्या बंडाळीत त्यालाही जावं लागलं. म्हणजे कोचवर रुसायची परंपरा या क्लबात कोचइतकीच जुनी आहे.

आजचे चाहते मात्र २००२ च्या मागे सहसा जात नाहीत. त्या वर्षी क्लब इतिहासात पहिल्यांदा तळाला गेला. त्याच वर्षी सॅलरी कॅपची, म्हणजे खेळाडूंच्या पगारांवरच्या मर्यादेची, लबाडी उघडकीला आली, नऊ लाख डॉलरांवर दंड बसला आणि ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या वाटपातल्या) सुरुवातीच्या पसंत्या काढून घेतल्या गेल्या. पैशाचा दंड भरून मोकळं होता येतं. न मिळालेली पोरं दहा वर्षं छळतात. पुढे २००५, २००६, २०१५ आणि २०१८ मध्येही वुडन स्पून, म्हणजे तळाच्या स्थानाचा मान, कार्लटनकडेच आला.

या काळात कोच निवडायची रीत घड्याळाच्या लंबकासारखी होती. आधी नावाजलेला बाहेरचा आणला, दोन प्रीमियरशिप जिंकलेला. तो २००७ मध्ये हंगामाच्या मधेच गेला. मग घरचा, १९९५ च्या विजयी संघातला खेळाडू. त्याने सलग तीन वर्षं फायनल्स (साखळीतल्या पहिल्या आठांची बाद फेरी) दाखवल्या, तरी २०१२ मध्ये त्याला काढून पुन्हा नावाजलेला आणला, या वेळी तीन प्रीमियरशिपवाला. २०१३ मध्ये संघ नववा आला आणि एसेंडनला बाद ठरवल्यामुळे फायनल्समध्ये शिरला. २०१५ च्या मे महिन्यात तोही गेला.

आता २०१९. तो समजायचा तर आधी एक शब्द सोडवावा लागतो. कोच मधेच गेला की उरलेल्या सामन्यांसाठी जो उभा राहतो त्याला तिकडे 'केअरटेकर' म्हणतात. मराठीत त्याला दोन शब्द आहेत आणि ते एक नव्हेत. 'काळजीवाहू' म्हणजे नवा धनी येईपर्यंत दिवाबत्ती करणारा; काळजीवाहू सरकारने धोरणात्मक निर्णय घेऊ नयेत अशी अपेक्षा असते. 'हंगामी' म्हणजे तेवढ्या हंगामापुरता. फुटबॉलमधला केअरटेकर दोन्ही असतो आणि शिवाय तिसराही: कायम खुर्चीचा उमेदवार. दर शनिवारी त्याची परीक्षा चालू असते आणि पेपर तपासायला स्टेडियमभर लोक बसलेले. पण ही परीक्षा सोपी असते, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. अपेक्षा शून्यावर, खेळाडूंच्या मानेवरचं ओझं उतरलेलं, प्रतिस्पर्ध्याला नव्या डावपेचांचा अंदाज नाही. आठ-दहा सामने कुणीही चमकून जाईल.

कार्लटनला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागा नाही. २०१६ पासूनचा त्यांचा कोच मूळचा शिक्षक. त्याचं नाव झालं तेच हंगामी म्हणून: २०१४ मध्ये हॉथॉर्नचा मुख्य कोच आजारी पडल्यावर याने पाच सामने सांभाळले आणि पाचही जिंकले. पण हॉथॉर्न तेव्हाचे विजेते होते, हा तपशील कौतुकाच्या भरात मागे पडला. कार्लटनमध्ये त्याच्या वाट्याला २०१८ साली २२ सामन्यांत २ विजय आले. २०१९ च्या जूनमध्ये ११ सामन्यांत १ विजय अशा अवस्थेत त्याला निरोप मिळाला. त्याआधीचं उदाहरण तर आणखी बोलकं. २००७ चा घरचा हंगामी शेवटचे सहाही सामने हरला आणि तरी कायम झाला. हंगामात चारापेक्षा जास्त विजय झाले असते तर ड्राफ्टमधली पहिली पसंती हुकली असती. मुद्दाम हरल्याचं कधी सिद्ध झालं नाही, कुजबुज मात्र थांबली नाही.

तर २०१९ चा हंगामी, एक सहायक कोच, पहिल्याच सामन्यात पिछाडीवरून ब्रिस्बेनला हरवतो. मग फ्रीमँटल, सिडनी, गोल्ड कोस्ट, अ‍ॅडलेड. त्याच्या नावाची आगगाडी निघाली आणि चाहते त्यात दाटीवाटीने चढले. २००२ मध्ये सिडनीच्या चाहत्यांनी असाच आपल्या हंगामी कोचचा आग्रह धरला होता, क्लबची बोलणी दुसऱ्याशी चाललेली असताना. २००५ मध्ये त्याच कोचने ७२ वर्षांनी प्रीमियरशिप आणली. ते उदाहरण तेव्हा ज्याच्या-त्याच्या तोंडी होतं.

ऑगस्टमध्ये, दोन सामने शिल्लक असतानाच, क्लबने त्याला कायम केलं. शेवटी हिशेब झाला ११ पैकी ६. पुढे सगळं फसल्यावर 'चाहत्यांच्या लाटेत वाहत गेलो' असा सूर लागला, आणि इथे माझी तटस्थता जरा डगमगते. गाडी चाहत्यांनी काढली हे खरं, पण तिकीट क्लबने छापलं. दोन आठवडे थांबून बाहेरच्या उमेदवारांशी बोलायला कोण आडवं आलं होतं? मेलबर्नमध्ये नवीन आलेल्या मराठी पोरालासुद्धा शाळेत पहिल्या आठवड्यात 'तू कुणाचा?' विचारतात, अशा गावात चाहते आरडाओरडा करणारच. न ऐकण्यासाठीच तर संचालक मंडळ असतं.

त्या वर्षी हा मोह एकट्या कार्लटनला पडला नव्हता. नॉर्थ मेलबर्न आणि सेंट किल्डानेही आपापले हंगामी कायम केले. सेंट किल्डाचा तर कार्लटनचाच २००७ चा जुना हंगामी. २०२२ संपायच्या आत तिघंही आपापल्या खुर्चीवरून गेलेले होते.

२०२१ मध्ये आठ विजय आणि तेरावं स्थान आल्यावर कार्लटनने बाहेरच्यांकडून समीक्षा करवली आणि करार शिल्लक असताना कोचला काढलं. मग मोठ्या नावांची शोधाशोध. चार प्रीमियरशिपवाला आला नाही. दुसऱ्या अनुभवी कोचला रीतसर निवडप्रक्रिया मान्य नव्हती, तो बाजूला झाला. पुढच्या वर्षी सेंट किल्डाने त्यालाच नेलं. एकदा प्रक्रिया टाळून पोळलेला क्लब या वेळी प्रक्रियेला चिकटला, त्याचं तरी कौतुक करायला हवं. निवड झाली ती ब्रिस्बेनच्या तीन प्रीमियरशिपच्या कर्णधाराची, मायकेल व्हॉसची; २०२५ च्या वादातला कोच तो हाच. कोच म्हणून तो ब्रिस्बेनमध्येच एकदा अपयशी ठरलेला.

त्याच्या पहिल्या हंगामाचा शेवटचा दिवस अजून कुणी विसरलेलं नाही. ऑगस्ट २०२२, एमसीजीवर ८८ हजार लोक, समोर कॉलिंगवूड. तिसरा क्वार्टर संपताना चार गोलांची, म्हणजे २४ गुणांची आघाडी. चौथ्यात एकही गोल नाही. ७५-७४. एका गुणाने सामना गेला आणि गुणतक्त्यावर, विजय सारखे असताना बघतात त्या टक्केवारीत, ०.६ ने फायनल्स गेल्या. २०२३ मध्ये पहिल्या १३ सामन्यांत चारच विजय असताना पुन्हा राजीनाम्याची ओरड झाली; क्लब हलला नाही आणि संघ सलग नऊ जिंकून प्रिलिमिनरी फायनलपर्यंत, म्हणजे उपांत्य सामन्यापर्यंत गेला.

२०२५ मध्ये 'राहू द्या'वाल्यांचा आधार हाच होता, जोडीला रिचमंड: २०१६ चा शेवटचा सामना ११३ गुणांनी हरूनही कोच ठेवला आणि पुढच्या वर्षी प्रीमियरशिप. 'हाकला'वाले कॉलिंगवूडकडे बोट दाखवत: तिथे २०२१ मध्ये जुना कोच मधेच गेला, हंगामीला कायम न करता नवा शोधला, २०२३ मध्ये प्रीमियरशिप.

क्लबने ठेवायचं ठरवलं. दोनदा लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा फॉरवर्ड हंगामानंतर सिडनीला गेला. कोचचा करार तेव्हा २०२६ अखेरपर्यंतचा होता, म्हणजे हातात एकच वर्ष. शब्दशः घ्यायचं तर तोही तेव्हा हंगामीच झाला.