लोणी-तूप (विदर्भातील घरगुती वापर)

विरजलेली साय किंवा दही घुसळल्यावर वर येणारा स्निग्ध गोळा म्हणजे लोणी. ते कढवून पाणी उडाले आणि ताकाचा अंश तळाशी बसला की राहते ते तूप. धुतलेल्या घरगुती लोण्यात साधारण पाचवा हिस्सा पाणी असते, नीट कढवलेल्या तुपात ते जवळजवळ नसते. लोणी कशात घालायचे, तूप कशात आणि दोन्हींऐवजी तेल कधी चालेल, हे बहुतांशी या फरकावर ठरते. ग्रामीण विदर्भात दुभते असलेल्या घरी साठवलेल्या सायीचे लोणी काढून ते त्याच दिवशी कढवण्याची रीत आहे. मे महिन्यात पारा ४५° सें.च्या आसपास जाणाऱ्या मुलखात लोणी टिकत नाही, तूप टिकते. त्यामुळे येथील स्वयंपाकात तुपाचा वावर सर्वत्र आहे, तर लोणी मोजक्याच जागी वापरतात.

शब्द : ‘लोणी’ हा शब्द संस्कृत ‘नवनीत’ यापासून आला, याबद्दल फारसा वाद नाही. प्राकृतातून येताना आरंभीच्या ‘न’चा ‘ल’ झाला. उद्योतनसूरीच्या कुवलयमाला या प्राकृत ग्रंथात (शके ७००, इ.स. ७७९) गुर्जर लोकांचे वर्णन ‘घयलोणियपुट्ठंगे’, म्हणजे तूपलोण्याने पुष्ट अंगाचे, असे येते. त्यावरून हे रूप आठव्या शतकात रूढ होते, असे म्हणता येते.

‘तूप’ या शब्दाचे तसे नाही. इतर बहुतेक भारतीय आर्य भाषांत ‘घृत’पासून आलेले घी, घिव असे शब्द आहेत, मराठीत मात्र तूप आणि शेजारच्या कन्नडमध्ये ‘तुप्प’. त्यामुळे हा शब्द द्राविडी आहे व मराठीने तो कन्नडमधून घेतला, असे एक मत प्रचलित आहे. दुसऱ्या मताने तो प्राकृतातील जुना देशी शब्द आहे. हेमचंद्राच्या देशीनाममाला या देशी शब्दांच्या कोशात (१२वे शतक) ‘तुप्प’ अनेकार्थी दिला आहे आणि त्या अर्थांत माखलेला व स्निग्ध हे दोन येतात. गाथासप्तशती या प्राकृत काव्यसंग्रहातही तूप माखलेल्या मुखाच्या संदर्भात तो येतो. या संग्रहाचा काळ काही अभ्यासक इ.स.च्या पहिल्या-दुसऱ्या शतकापर्यंत मागे नेतात, काही बऱ्याच गाथा पुढच्या शतकांतील मानतात. लक्षात घेण्याजोगे हे, की त्या गाथेत तुपासाठी ‘घिअ’ हा शब्द वेगळा आहे आणि ‘तुप्प’ हे विशेषण माखल्याचे. म्हणजे आधी माखण्याची क्रिया, मग माखायचा पदार्थ, असा अर्थाचा प्रवास संभवतो. उसनवारी मान्य केली तरी ती बरीच जुनी मानावी लागते. माखणे हे क्रियापद आणि हिंदीतील ‘मक्खन’ हे दोन्ही संस्कृत ‘म्रक्षण’कडे जातात. लोण्यातुपाच्या नावांमागे चोपडण्याची क्रिया अशी पुन्हा दिसते, त्यामुळे हा अर्थप्रवास अधिक पटतो.

पिठात घालायच्या स्निग्धाला ‘मोहन’ म्हणतात. त्याची ‘मोह’शी घातलेली सांगड ही लोकव्युत्पत्ती दिसते, हिंदीतील मोयन व गुजरातीतील मोण ही त्याची जवळची भावंडे होत.

जनावरे व चारा : वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी, कारंजा या भागांतील गवळाऊ गाय आणि लांब, तलवारीसारख्या शिंगांची नागपुरी म्हैस (हिलाच वऱ्हाडी किंवा एलिचपुरी म्हणतात) ही येथील दुभती जनावरे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण सात टक्के किंवा त्याहून अधिक, गाईच्या दुधात चार-साडेचार टक्के. घरी वरची साय तेवढी काढली जाते आणि काही स्निग्धांश दुधातच राहतो. म्हणून किलोभर तुपाला म्हशीचे अठरा ते वीस लिटर दूध लागते, असा हिशेब धरावा.

विदर्भाच्या तुपाचा खरा विशेष चाऱ्यातून येतो. हा कपाशीचा पट्टा; दुभत्या जनावराला भिजवलेली सरकी किंवा सरकीची ढेप (पेंड) घालणे ही येथली जुनी रीत. सरकीतील तेलामुळे दुधातील स्निग्धाची घडण बदलते. स्टिअरिक आम्लासारखी उच्च वितळबिंदूची आम्ले वाढतात, तर ब्युटिरिक आम्लासारख्या लहान साखळीच्या, बाष्पनशील आम्लांचे प्रमाण घटते. तूप पांढरट व घट्ट होते, थंडीत चमचा रोवत नाही. तुपाची शुद्धता ठरवताना जो राइशर्ट-माइसल अंक काढतात, तो नेमका या बाष्पनशील आम्लांचे मोजमाप असतो. तुपात वनस्पती (डालड्यासारखे घट्ट केलेले तेल) मिसळले की तो अंक उतरतो. पण सरकी खाणाऱ्या म्हशीच्या निर्भेळ तुपातही तो उतरलेलाच असतो. सरकीचे तेल ओळखण्याची हाल्फेन चाचणीसुद्धा अशा तुपावर रंग दाखवू शकते. प्रामाणिक शेतकऱ्याचे तूप प्रयोगशाळेत भेसळीचे ठरू नये म्हणून भारतीय मानकांत कपाशीच्या पट्ट्यासाठी दीर्घकाळ वेगळी, खालची मर्यादा ठेवलेली होती आणि ते न्याय्यच होते. वनस्पतीची भेसळ पकडण्याचा दुसरा मार्ग म्हणजे बोडवाँ चाचणी. वनस्पतीत पाच टक्के तिळाचे तेल घालणे कायद्याने सक्तीचे केले होते. फरफ्युरल व हायड्रोक्लोरिक आम्लाने ते तेल लाल रंग देते.

लोणी काढणे : साय उन्हाळ्यात तीन दिवसांपेक्षा आणि हिवाळ्यात सहा-सात दिवसांपेक्षा जास्त साठवू नये, शिळ्या सायीचा कडवट वास तुपातही उतरतो. अर्धा लिटर सायीला चमचाभर विरजण पुरते. मुरायला उन्हाळ्यात आठ तास, हिवाळ्यात चुलीच्या उबेजवळ चौदा-सोळा तास लागतात.

घुसळताना दह्याचे तापमान फार महत्त्वाचे. ते १४° ते १८° सें.च्या दरम्यान असेल तर लोणी चांगले गोळा होते. उन्हाळ्यात पहाटेच्या गारव्यात, माठातले पाणी किंवा बर्फ घालून घुसळतात. दही कोमट असले तर लोणी तेलकट होऊन ताकात विरते, ताक दाट राहते आणि लोणी कमी निघते. हिवाळ्यात उलट होते. दही फार गार असले की नुसता फेस वर येतो आणि तासभर रई फिरवूनही कण जुळत नाहीत. तेव्हा अर्धी वाटी कोमट पाणी कडेने सोडावे. फेस एकाएकी बसतो, रईचा आवाज बदलतो आणि ज्वारीच्या दाण्याएवढे पिवळसर-पांढरे कण रईला चिकटू लागतात, तिथे थांबावे. पुढे घुसळत राहिल्यास कणांमध्ये ताक कोंडले जाते व ते धुऊन निघत नाही. गोळा गार पाण्याने दोन-तीनदा, पाणी निवळ येईपर्यंत धुवावा. ताक राहिलेले लोणी लवकर आंबते आणि कढवताना खाली लागते.

ताज्या लोण्याचा वापर थोडा : गरम भाकरीवर, ठेच्यासोबत, लहान मुलांना साखर घालून आणि तांदळाच्या चकलीत.

कढवणे : भांडे जाड बुडाचे हवे आणि लोणी त्यात निम्म्यापेक्षा वर नसावे, कारण फेस चढतो. प्रथम लोणी वितळून पांढरा, मोठ्या बुडबुड्यांचा फेस येतो व खळखळ ऐकू येते. पाणी उडत असते तोवर तापमान १००° सें.च्या फार वर जात नाही. या टप्प्यात आच मध्यम ठेवली तरी चालते, अधूनमधून तळ खरवडावा. आवाज ओसरला की पाणी संपत आले. येथून तापमान भराभर चढते, म्हणून आच लगेच बारीक करावी. तळाचा अंश, म्हणजे बेरी, पांढऱ्याचा बदामी होतो आणि वर पुन्हा एक फेस येतो. पहिल्यासारखा उग्र नाही, साबणाच्या फेसासारखा बारीक. हा दुसरा फेस आला की भांडे उतरवावे. तो सुमारे ११०° ते ११८° सें.चा टप्पा असतो आणि उतरवल्यावरही भांड्याच्या उष्णतेने कढणे थोडा वेळ चालू राहते. बेरी तपकिरी होईपर्यंत थांबणाऱ्याचे तूप हमखास जळकट निघते.

शेवटी नागवेलीचे एक-दोन पान टाकण्याची चाल आहे. रामटेककडची पाने यासाठी विदर्भभर माहीत आहेत. पान कुरकुरीत झाले की पाणी संपले, असे समजतात. पानातील घटक तूप खवट होण्याचा वेग कमी करतात, असेही आढळले आहे. किलोभर लोण्याचे साधारण ७५० ते ८०० ग्रॅम तूप होते. याहून बरेच कमी भरले तर लोणी नीट निथळलेले नव्हते. तूप रवाळ हवे असल्यास भांडे हलवू नये आणि पाण्यात ठेवून झटकन गार करू नये. सावकाश थिजतानाच कण मोठे होतात. ओला चमचा घातला की तुपाला वास लागतो.

गाळून उरलेली बेरी टाकून देत नाहीत. गूळ किंवा साखर घालून ती खातात, कणकेत मळून तिच्या पोळ्याही करतात.

मोहन : स्निग्ध पदार्थ पिठाच्या कणांवर पातळ थर धरतो, त्यामुळे पाणी घातल्यावर गव्हातील चिकट प्रथिनांचे लांब धागे जुळत नाहीत आणि पदार्थ खुसखुशीत होतो. करंजीच्या पारीला पाव किलो रवा-मैद्यामागे २५ ते ३० ग्रॅम कडकडीत तूप पुरते. शंकरपाळ्यांना किलो मैद्याला २०० ते २५० ग्रॅम लागते. मोहन चोळल्यावर मूठभर पीठ दाबून पाहतात. मुटका टिकला आणि बोटाने हलके ढकलताच भुरभुरला तर प्रमाण बरोबर. मुटका बांधलाच गेला नाही तर मोहन कमी, पदार्थ चिवट किंवा दगडासारखा होणार. पीठ तळहाताला तेलकट लागून लगद्यासारखे चिकटले तर मोहन जास्त, शंकरपाळे तेलात सुटून विरघळणार. तेव्हा वरून कोरडे पीठ मिसळावे.

चकलीच्या भाजणीला किलोमागे १०० ते १२५ ग्रॅम कडकडीत तेल घालतात. तांदळाच्या पिठाच्या चकलीत तितकेच लोणी घालतात, पण तापवून नाही. ते कोरड्या पिठात चोळतात. तांदळात चिकट प्रथिने नाहीत, तिथे लोण्यातले पाणी अडचण करत नाही, पीठ बांधायला उपयोगीच पडते. गव्हाच्या पिठात तेच पाणी चिवटपणा वाढवते. तुपाऐवजी लोणी घ्यायचे तर वजन सव्वापट घ्यावे आणि पाणी किंवा दूध तेवढे कमी करावे.

भाजलेले पदार्थ : रोडगा हा येथील आरावर भाजण्याचा मुख्य प्रकार. जाडसर कणकेच्या लहान गोळीला तूप किंवा तेल लावून ती दुसऱ्या पारीत, ती तिसऱ्या पारीत, असे थर चढवतात आणि धूर संपलेल्या गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजतात. थरांमध्ये लोणी लावू नये; त्यातील पाण्याने थर एकमेकांना चिकटतात आणि आतला गोळा कच्चा राहतो. आर धगधगता असला तर वर कोळसा व आत ओले पीठ, हा नेहमीचा बिघाड. गरम रोडगा राख झटकून फोडतात, वर तूप सोडतात आणि वरण व वांग्याच्या भाजीशी खातात. अमरावती जिल्ह्यातील बहिरमच्या यात्रेत रोडगे हंडीतल्या मटणासोबत असतात.

नानकटाईला २५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, १५० ग्रॅम पिठीसाखर, १७५ ग्रॅम तूप व चिमूटभर सोडा हे प्रमाण चांगले उतरते. तूप थिजलेले हवे. साखरेबरोबर आठ-दहा मिनिटे फेटून ते पांढरे व हलके झाले पाहिजे, कारण त्यात कोंडलेली हवाच पुढे फुलते. पातळ तुपात हवा धरत नाही, नानकटाई पसरून चपटी होते. उन्हाळ्यात तुपाचे भांडे गार पाण्यात ठेवून मगच फेटावे. पीठ मिसळल्यावर मळू नये, नुसते गोळा करावे. १६०° ते १७०° सें.ला १८ ते २० मिनिटे लागतात. ओव्हन नसल्यास जाड कढईत बोटभर मिठाचा थर दहा मिनिटे तापवून, वर कडे व ताटली ठेवून, झाकून मंद आचेवर २५ मिनिटांत होते. दिवाळीआधी घरचे पीठ-साखर-तूप घेऊन जवळच्या गावातील बेकरीत घाणा काढून आणण्याची पद्धतही आहे; पाव काढून झाल्यावर उतरत्या आचेवर ही बिस्किटे भाजली जातात. १९३७च्या सुमारास बाजारात आलेल्या डालड्याने अशा घाण्यांत तुपाची जागा बरीच घेतली. तो उन्हाळ्यातही घट्ट राहतो, म्हणून फेटायला सोपा. चवीत तो तुपाला पोचत नाही. वर्ध्याच्या गोरस भांडाराचा गोरसपाक हे गाईच्या तुपातले बिस्किट मात्र आपली ओळख टिकवून आहे. त्यामागे वर्ध्यातील गोसेवेच्या कार्याची परंपरा असून जमनालाल बजाज यांनी १९४१ मध्ये तेथे गोसेवा संघाचे काम उभे केले.

खोबरेल व इतर स्निग्ध : खोबरेल विदर्भात केसांसाठी, स्वयंपाकात जवस, शेंगदाणा, करडई, तीळ ही जुनी तेले व आता सोयाबीन. भाजलेल्या पदार्थांत खोबरेल वापरायचे तर ते खाण्याचे म्हणून विकलेले, बिनसुगंधाचे असावे. त्यात पाणी नसते, म्हणून १०० ग्रॅम लोण्याऐवजी ८० ग्रॅम खोबरेल व चमचाभर दूध घ्यावे. तुपाऐवजी मात्र वजनास वजन. ते २४° ते २५° सें.ला एकदम वितळते. डिसेंबरात नागपूरकडे ते दगडासारखे असते व पिठात गुठळ्या राहतात, एप्रिलमध्ये पाण्यासारखे पातळ असते व नानकटाई पसरते. हिवाळ्यात किंचित कोमट करून आणि उन्हाळ्यात गार पाण्यात थिजवून घ्यावे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे मोहाच्या टोळापासून (बियांपासून) काढलेले तेलही थंडीत असेच थिजते. तेथे ते भाजीला व तळणाला वापरत आले आहेत.