मैलापाण्याचं शास्त्र हातोहात कसं पसरलं

राज्यातल्या कुठल्याही मलजल प्रक्रिया केंद्राच्या प्रयोगशाळेत काचेचा एक लिटरचा सिलिंडर असतोच. एअरेशन टँकमधला, म्हणजे मैलापाण्यात हवा सोडण्याच्या टाकीतला नमुना त्यात भरायचा, अर्धा तास अजिबात हलवायचा नाही आणि गाळ किती मिलिलिटरच्या रेघेपर्यंत बसला ते वहीत मांडायचं. गाळ झपाट्यानं बसला आणि वरचं पाणी नितळ दिसलं तर ऑपरेटर निर्धास्त. फुगून वरच राहिला तर क्लॅरिफायरच्या, म्हणजे गाळ बसवण्याच्या टाकीच्या कडेवरून गाळ वाहणार, हे तो इंजिनिअरला आधीच सांगून ठेवतो. एक ग्रॅम गाळ किती जागा व्यापतो, हे सांगणारा स्लज व्हॉल्यूम इंडेक्स याच चाचणीतून काढतात. तो १९३४ मध्ये मांडला शिकागोच्या सॅनिटरी डिस्ट्रिक्टमधले केमिस्ट फ्लॉइड मोलमन यांनी. शिकागोतल्या केमिस्टचा हा निर्देशांक आपल्याकडच्या लॉगबुकात कसा येऊन पोहोचला, हे पाहायला १९१२ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी मँचेस्टरचे रसायनतज्ज्ञ गिल्बर्ट फाउलर न्यूयॉर्कच्या बंदरातल्या प्रदूषणाच्या कामासाठी अमेरिकेला गेले होते. जाता जाता ते मॅसॅच्युसेट्समधलं लॉरेन्सचं प्रयोग केंद्र पाहून आले. राज्याच्या आरोग्य मंडळानं १८८० च्या दशकात सुरू केलेल्या या केंद्रात मैलापाण्यात हवा सोडून काय होतं, याचे प्रयोग चालू होते आणि ते पाहुण्यांना मोकळेपणानं दाखवले जात. फाउलर परतले ते ही कल्पना घेऊनच. मँचेस्टरच्या डेव्हिहल्म केंद्रावर एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट काम करत होते. असं काही करून पाहा, असं फाउलरांनी त्यांना सुचवलं.

दोघांनी बाटल्यांत मैलापाणी भरलं आणि त्यात हवा सोडत राहिले. पूर्ण शुद्धीकरणाला पहिल्या खेपेस सुमारे पाच आठवडे लागले. इतक्या दिवसांचं पाणी साठवायला शहराबाहेर तळंच बांधावं लागलं असतं, म्हणजे व्यवहारात निरुपयोगी. पण लॉरेन्सला न केलेली एक गोष्ट त्यांनी केली. वरचं स्वच्छ पाणी ओतून टाकलं, तळाशी बसलेला गाळ मात्र तसाच ठेवला आणि त्यावर नवं मैलापाणी घातलं. दह्याच्या भांड्यात मागचं विरजण ठेवावं तसं. पुढच्या प्रत्येक खेपेला वेळ कमी होत गेला आणि शेवटी पाच आठवड्यांचं काम २४ तासांच्या आत होऊ लागलं. गाळ म्हणजे फेकून देण्याची घाण, हीच तोवरची समजूत होती. प्रत्यक्षात सगळं काम त्या गाळातले जीवाणू करत होते. ३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टरमध्ये सोसायटी ऑफ केमिकल इंडस्ट्रीच्या सभेत त्यांनी निबंध वाचला आणि ॲक्टिव्हेटेड स्लज ही पद्धत जगापुढे आली.

गंमत म्हणजे भरा, हवा द्या, गाळ बसू द्या, पाणी काढा हा बाटलीतला क्रम पुढे अनेक दशकं मागे पडला. टाकी सतत वाहती ठेवून गाळ पंपानं परत आणायचा, हीच रूढी झाली. व्हॉल्व्ह आपोआप उघडबंद करणारी यंत्रणा स्वस्त झाल्यावर १९७० च्या दशकापासून तोच जुना क्रम एसबीआर (सिक्वेन्सिंग बॅच रिॲक्टर) नावानं परतला. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे इथली नवी मुंबईची केंद्रं याच पद्धतीवर चालतात.

मँचेस्टरच्या दोघांनी आपली पद्धत सभेत उघड करून टाकली. पेटंटं घेतली ती स्टूरब्रिजच्या जोन्स अँड ॲटवूड या यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं. तिथून गाडी अडखळली. अमेरिकेत मिलवॉकी शहरानं जोन्स आयलंडवर त्या काळातलं प्रचंड मोठं केंद्र बांधलं. १९२० च्या दशकाच्या मध्यास ते सुरू झालं आणि त्यातल्या वाळवलेल्या गाळाचं खत 'मिलॉर्गनाइट' या नावानं विकलं जाऊ लागलं. पेटंटधारकांनी शहरावर दावा लावला आणि जिंकलाही. मात्र १९३४ मध्ये अपील न्यायालयानं केंद्र बंद करण्याचा मनाई हुकूम नाकारला, कारण ते बंद झालं असतं तर सगळ्या शहराचा मैला मिशिगन सरोवरात गेला असता. पेटंट कायद्याच्या अभ्यासात हा निकाल आजही वाचला जातो. तोवर बरीच शहरं पेटंटच्या कटकटीपायी जुन्या गाळणपद्धतीवरच थांबली होती. नगरपालिकेच्या गरजेची वस्तू खासगी कुलपात ठेवली की काय होतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

या काळात खरा आधार होता तो केंद्र चालवणाऱ्यांच्या आपसातल्या देवाणघेवाणीचा. इंग्लंडमध्ये मैलाशुद्धीकरण केंद्रांच्या व्यवस्थापकांची संघटना १८९५ मध्येच स्थापन झाली होती. अमेरिकेत १९२८ मध्ये राज्याराज्यांतल्या संघटनांचा महासंघ झाला, त्यानं स्वतःचं नियतकालिक काढलं आणि संपादक नेमले मोलमन. म्हणजे संपादक याच कामातला माणूस होता. साहजिकच तात्त्विक निबंधांच्या जोडीला गाळ का फुगला, फेस कशानं आला, ग्रिट चेंबर (वाळू-खडे बसवण्याचा कप्पा) कसा साफ केला असले विषयही त्यात आले. स्लज व्हॉल्यूम इंडेक्स इतका चालला यात मला नवल वाटत नाही. तो प्लांटच्या रोजच्या अडचणीतून निघालेला होता.

भारतात यायला या विद्येला फार वेळ लागला नाही. खुद्द फाउलरच १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले आणि तिथे या पद्धतीवर काम सुरू झालं. जमशेदपूरच्या टाटा वसाहतीत देशातल्या सुरुवातीच्या ॲक्टिव्हेटेड स्लज केंद्रांपैकी एक उभं राहिलं. मुंबईचा हिशेब तर त्याआधीचा. महापालिकेचे ड्रेनेज इंजिनिअर सी. सी. जेम्स यांनी पूर्वेकडच्या शहरांतल्या मैलापाण्यावर १९०२ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. माटुंग्याच्या कुष्ठधामात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवलेल्या सेप्टिक टँकमधला वायू गोळा करून त्यावर इंजिन चालवलं गेलं, ही नोंद जगभरच्या बायोगॅसच्या इतिहासात हटकून येते. माटुंग्यातल्या किती लोकांना ती ठाऊक असेल, कोण जाणे.

उसनं आणलेलं ज्ञान मात्र इथल्या हवेत जसंच्या तसं चालत नव्हतं. बीओडीचंच घ्या. मैलापाण्यातली घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते, ते मोजणारी ही चाचणी. ब्रिटनच्या रॉयल कमिशननं १९१२ च्या आपल्या आठव्या अहवालात प्रक्रिया केलेल्या पाण्यासाठी निलंबित घन पदार्थ लिटरला ३० मिलिग्रॅम आणि बीओडी २० मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचवली. नमुना पाच दिवस ठेवायचा आणि तोही तिथल्या थंड हवामानाला साजेशा तापमानाला. पुढे जगभर पाच दिवस आणि २० अंश हे रूढ झालं. आपल्याकडे २० अंश राखायचं तर इन्क्युबेटरला वर्षातले बहुतेक महिने थंडावा पुरवावा लागतो, आणि वीज गेली की नमुना वाया. म्हणून भारतानं तीन दिवस आणि २७ अंश हा पर्याय घेतला. १९९० च्या दशकात तो प्रदूषणाच्या नियमांतही आला. आजच्या अहवालांत 'तीन दिवस, २७ अंश सेल्सिअस' असं छापलेलं असतं ते यामुळे.

असं स्थानिक हिशेबानं तपासून घेण्याचं काम स्वातंत्र्यानंतर नागपुरात झालं. १९५८ मध्ये तिथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून आपण तिला नीरी म्हणतो. ऊन भरपूर, जागा आहे आणि वीज बेभरवशाची, अशा गावांना यंत्रांपेक्षा उथळ तळी बरी, हे गणित या संस्थेनं ऑक्सिडेशन पाँडच्या अभ्यासातून मांडलं. संस्थेचे संचालक राहिलेले सोली अर्सीवाला यांच्या पुस्तकांवर इंजिनिअरांच्या पिढ्या शिकल्या.

गटारांच्या बाबतीत ज्ञानाची वाट आणखी खडतर. पाइपचा उतार इतका हवा की पाणी सेकंदाला निदान ०.६ मीटर वेगानं वाहावं आणि वाळू तळाशी बसू नये, हे सूत्र जुनं आहे. राखेनं-मातीनं भांडी घासणाऱ्या वस्तीत वाळूचं प्रमाणच वेगळं, ही भर इथल्या अनुभवानं घातली. काँक्रीटच्या पाइपचं छत झिजतं कशानं, याचं उत्तर मिळायला १९४५ उजाडलं. मेलबर्नचे सी. डी. पार्कर यांनी दाखवलं, की साचलेल्या मैल्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचं पाइपच्या ओल्या छतावरचे जीवाणू गंधकाम्ल बनवतात आणि ते आम्ल काँक्रीट खातं. उष्ण हवेत हा वायू जोमानं तयार होतो, म्हणजे आपल्याकडे धोका जास्त. हाच वायू मॅनहोलमध्ये माणसं मारतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास असतो हे सगळे सांगतात. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो, हे मात्र आत उतरणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं.

देशातल्या इंजिनिअरांचा मुख्य आधार म्हणजे केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संघटनेचं मलनिःसारण मॅन्युअल. ते पहिल्यांदा १९७७ मध्ये आलं, नंतर १९९३ मध्ये. उतार, व्यास, टाकीचं आकारमान अशा डिझाइनच्या बाबतीत ते चोख. केंद्र बांधून झाल्यावर ते वर्षानुवर्षं चालवायचं कसं, याला त्यात दुय्यम जागा होती. २०१३ च्या आवृत्तीत पहिल्यांदा अभियांत्रिकी, परिचालन-देखभाल आणि व्यवस्थापन असे तीन स्वतंत्र भाग झाले. म्हणजे चालवणाऱ्याच्या वाट्याला स्वतःचा खंड यायला ३६ वर्षं गेली. हाताने मैला साफ करण्यावर बंदी आणणारा नवा कायदाही २०१३ चाच. गटारं आणि सेप्टिक टँक साफ करण्याची प्रमाणित कार्यपद्धती त्यानंतर नोव्हेंबर २०१८ मध्ये निघाली. दरम्यान, मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यायला सांगितलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख झाली.

आता बहुतेक केंद्रं बांधणारा ठेकेदारच काही वर्षं चालवून देतो. मुदत संपली की दुसरं टेंडर, दुसरी कंपनी, नवी माणसं. नियमानुसार चाव्या, नकाशे, पंपांची यादी यांचा ताबा दिला जातो. कुठल्या कारखान्याचं पाणी आलं की गाळ फुगतो, पावसाळ्याच्या पहिल्या झोताला कुठला गेट किती उघडायचा, हवा सोडणारा कुठला ब्लोअर रात्री तापतो, हे मात्र जुन्या ऑपरेटरबरोबर निघून जातं. ताबा घेताना नव्या शिफ्टला जुन्या माणसासोबत काही आठवडे काम करू द्यायचं, अशी साधी अट टेंडरमध्ये टाकायला फारसा खर्च येत नाही. बहुतेक टेंडरांत ती नसते.