डीएनए, मुद्देमाल आणि हिंडलग्याचे कैदी

हिंडलगा तुरुंग बेळगावकरांना वेगळा सांगावा लागत नाही. कर्नाटकात फाशीची सोय तिथेच असल्याने राज्यभरातले फाशीची शिक्षा झालेले कैदी तिथे ठेवले जातात. त्यांतला एखादा निर्दोष असला, तर ते सिद्ध करायला त्याच्याकडे काय आहे?

डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत अॅलेक जेफ्रीज यांना सप्टेंबर 1984 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात सापडली. तपासात ती पहिल्यांदा वापरली गेली तेव्हा आधी सुटका झाली, अटक नंतर. 1986 मध्ये दोन मुलींच्या खुनांच्या तपासात एका 17 वर्षांच्या मुलाने एका खुनाची कबुली दिली होती. डीएनए जुळला नाही. खऱ्या गुन्हेगाराला 1988 मध्ये जन्मठेप झाली. पोलिसांपुढची कबुली किती पोकळ असू शकते हे तेव्हाच दिसलं होतं.

अमेरिकेत 1989 पासून जुन्या शिक्षा डीएनएमुळे रद्द होऊ लागल्या. बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड या वकिलांनी 1992 मध्ये निर्दोष कैद्यांना सोडवण्यासाठी ‘इनोसन्स प्रोजेक्ट’ सुरू केला आणि 1993 मध्ये फाशीची शिक्षा झालेला एक माणूस पहिल्यांदाच डीएनएवर सुटला. शिक्षेनंतर चाचणी मागण्याचा हक्क देणारा कायदा न्यूयॉर्क राज्याने 1994 मध्ये केला.

आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ लालजी सिंह यांनी 1988 मध्ये स्वदेशी पद्धत उभी केली. फौजदारी प्रक्रिया संहितेत 2005 च्या दुरुस्तीने कलम 53-अ आलं, तेही आरोपीचे नमुने घेण्यासाठी. डीएनए चाचण्यांच्या वापराचे नियम ठरवणारं विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि 2023 मध्ये मागे घेतलं गेलं. शिक्षा झालेल्याला फेरचाचणी मागण्याचा स्वतंत्र हक्क आजही नाही.

हक्क मिळाला तरी तपासायचं काय? निकालपत्राच्या शेवटी एक ठरावीक ओळ असते: मुद्देमाल अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा. रक्ताचा डाग असलेला कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा असतो. ओलाच प्लॅस्टिकमध्ये बांधला की बुरशी धरते आणि डीएनए हातचा जातो. लाखेचं सील आणि पंचांच्या सह्या असल्या, तरी पाकीट ठाण्यातून प्रयोगशाळेत कधी गेलं, मधल्या काळात कुणाच्या ताब्यात होतं, याची नोंद लागते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये तमिळनाडूतल्या एका फाशीच्या कैद्याला सोडताना नेमकं हेच पाहिलं. नमुने 48 तासांत प्रयोगशाळेत पोचवा, ताब्याची नोंदवही ठेवा, असे आदेश साऱ्या देशासाठी दिले. इतकी साधी गोष्ट सांगायला 2025 उजाडावं लागलं, याचा मला राग येतो.

सीमाभागात यात भाषेची भर पडते. खानापूर, निपाणीकडच्या मराठी माणसाचा जबाब, पंचनामा, दोषारोपपत्र सगळं कन्नडमध्ये. कोर्टातली साक्ष आरोपीला कळेल अशा भाषेत समजावून सांगावी, हे कायद्यात आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 279, तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 314. दोषारोपपत्राचं मात्र तसं नाही. ते आरोपीच्या भाषेत नसलं म्हणून बेकायदा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलं. भाषांतर मात्र मागता येतं. ज्याला वाचताच येत नाही, त्याला सील किंवा तारखेतली चूक दिसणार कशी? म्हणून आमच्याकडच्या वकिलांनी भाषांतराचा अर्ज पहिल्याच तारखेला द्यायला हवा.

आपल्याच राज्यात कोडगूचा एक माणूस बायकोच्या खुनाच्या आरोपावरून सुमारे दीड वर्ष तुरुंगात होता. सापडलेल्या सांगाड्याचा डीएनए जुळला नाही, तरी खटला चालूच राहिला. एप्रिल 2025 मध्ये बायको मडिकेरीत जिवंत सापडली. न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं आणि सरकारला एक लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. अशा लोकांच्या भरपाईसाठी कायदा करा, अशी शिफारस विधी आयोगाने 2018 च्या 277 व्या अहवालात केली होती. तो कायदा झालेला नाही.