रिव्हॉल्व्हरवरचा लाल ठिपका आणि एका मिलिसेकंदाचा धक्का

.४४ मॅग्नमची २४० ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची गोळी साडेसात इंची नळीतून सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने बाहेर पडते. नळी पार करायला तिला साधारण एक मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात दीड किलोचं रिव्हॉल्व्हर उलट दिशेला सेकंदाला साडेचार मीटर वेगाने निघालेलं असतं. त्वरण काढलं तर गुरुत्वाकर्षणाच्या साडेचारशे पटींच्या पुढे जातं, आणि ही नुसती सरासरी झाली. वर बसवलेला रेड डॉट, म्हणजे लाल ठिपक्याने नेम दाखवणारी छोटी साइट, जेमतेम ३५ ग्रॅमचा असतो, पण त्याला सोबत ओढून न्यायला या एका मिलिसेकंदात सोळा किलो वजनाइतकं बल लागतं. हे बल कुठून कुठे जातं, यावरच साइट जागेवर राहणार की सरकणार हे ठरतं.

अमेरिकेत हरणाच्या शिकारीला रिव्हॉल्व्हर नेणाऱ्यांत रेड डॉट लोकप्रिय आहे (भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर हा प्रश्नच उरत नाही), आणि त्याचं मुख्य कारण डोळा हे आहे. साध्या नेमात मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवरच्या गोष्टी जुळवाव्या लागतात. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होतो. चाळिशीनंतर तर माशीच धूसर होते. राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं, तिथे नियमाने साधाच नेम चालतो. नेमबाज माशी स्वच्छ ठेवतो आणि लक्ष्य धूसर राहू देतो. रेड डॉटमध्ये छोट्या एलईडीचा प्रकाश वक्र काचेवरून परावर्तित होऊन समांतर किरणांत डोळ्याकडे येतो, त्यामुळे ठिपका लक्ष्याइतकाच दूर दिसतो. काचेवरचा थर फक्त लाल रंग परतवतो, म्हणून पलीकडचं दृश्य किंचित निळसर वाटतं. कल्पना जुनी आहे: डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी ती १९००मध्ये मांडली. स्वीडनच्या एमपॉइंटने १९७५मध्ये ती इलेक्ट्रॉनिक रूपात बाजारात आणली.

ठिपका पसरलेला किंवा स्वल्पविरामासारखा दिसला तर साइट परत करायची घाई नको. मोबाइलने साइटच्या काचेच्या खिडकीतून फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आला तर दोष दृष्टिवैषम्याचा, म्हणजे डोळ्याचा.

आता बसवणं. सिलिंडर उघडा, सगळी घरं रिकामी असल्याची बोटाने खात्री करा. १९८७पासूनच्या रुगर सुपर रेडहॉकच्या फ्रेमवर साइट धरणाऱ्या रिंगांसाठी खोबणी आयत्याच कापलेल्या असतात. अलीकडच्या स्मिथ अँड वेसनमध्ये मागच्या नेमाची पट्टी काढली की खाली आटे पाडलेली भोकं दिसतात. त्यांवर रेल, म्हणजे साइट अडकवायची आडव्या खाचांची पट्टी येते. भोकं आणि स्क्रू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे करा. कारखान्याचं तेल राहिलं तर थ्रेडलॉकर (स्क्रूचे आटे चिकटवून ठेवणारा द्रव) नीट धरत नाही, आणि पुष्कळ तक्रारींचं मूळ हेच असतं. मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉकर, एका स्क्रूला एकच थेंब. लाल वापरलात तर पुढे स्क्रू काढायला उष्णता द्यावी लागेल. थ्रेडलॉकर न लावता स्क्रू आधी एकदा फिरवून पाहा: लांब असेल तर भोकाच्या तळाला टेकून तो घट्ट झाल्यासारखा भासतो, पण डोक्याखाली पट्टी सैलच राहते.

पिकॅटिनी या प्रमाणित मापाच्या रेलची खाच ५.२३ मिलिमीटर रुंद असते, साइटखालचा आडवा दांडा त्याहून जरा बारीक. ही फट महत्त्वाची. रिव्हॉल्व्हर मागे पळतं तेव्हा साइट जागीच राहू पाहते, म्हणजे रेलच्या तुलनेत पुढे सरकते. म्हणून स्क्रू आवळण्यापूर्वी साइट नळीच्या तोंडाकडे दाबून धरा, दांडा खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकू द्या. मग धक्का ती भिंत सोसते आणि स्क्रूला नुसतं आवळून धरायचं काम उरतं. एवढं केलं नाही तर दर फैरीला साइट केसभर सरकते आणि स्क्रू आडवे कापले जातात. टॉर्क, म्हणजे स्क्रू आवळण्याचा जोर, बनवणाऱ्याने दिला असेल तोच. बारीक स्क्रूंना तो बहुधा १५ इंच-पाउंडच्या, म्हणजे १.७ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. हा आकडा मनगटाला कळत नाही, टॉर्क रेंच हवाच. नंतर २४ तास हात लावू नका.

शून्य जुळवताना, म्हणजे ठिपका आणि गोळी एकाच जागी आणताना, लेझर नळीत घालून ठिपका त्यावर आणला तर गोळी वर लागते. कारण धक्का हाताच्या वर बसतो, आणि गोळी आत असतानाच नळीचं तोंड उचलायला लागतं. कुठलंही मॅग्नम रिव्हॉल्व्हर बाजूने पाहा: माशी मागच्या खाचेच्या मानाने इतकी उंच असते की नेम सरळ धरल्यावर नळी खाली झुकते. जड, मंद गोळी नळीत जास्त वेळ राहते, म्हणून जवळच्या अंतरावर तीच वर लागते. त्यामुळे शिकारीला जे काडतूस न्यायचं, त्यानेच शून्य करा.

सुरुवात १० यार्डांवर, मग २५वर. टेकू हातांना द्या. नळी टणक वस्तूवर टेकवली तर ती उसळून गोळी वर जाते. ठिपका सरकवणारा स्क्रू क्लिक-क्लिक फिरतो; २५ यार्डांवर एक मिनिट कोनाचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) क्लिक म्हणजे ६.६ मिलिमीटर. पाच गोळ्यांचा मध्य ८ सेंटिमीटर वर आला तर १२ क्लिक खाली. एका गोळीवरून क्लिक फिरवू नका. ठिपका मोठा असला तर ५० मीटरवर तो जागा अडवतो: ६ मिनिटांचा ठिपका तिथे पावणेनऊ सेंटिमीटर झाकतो.

नव्या माणसाला ठिपका सापडतच नाही, आणि त्यालाही गणित आहे. खिडकी २२ मिलिमीटरची, डोळा ६० सेंटिमीटरवर. रिव्हॉल्व्हर एका अंशाने तिरकं झालं की ठिपका खिडकीबाहेर. साइट शक्य तितकी खाली बसवल्यास जुन्या नेमाची सवय कामी येते.

सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या बारीक फटीतून काजळी आणि शिशाचे कण उडतात, त्यामुळे पुढे बसवलेल्या साइटची काच लवकर माखते. शेवटी स्क्रूचं डोकं आणि पट्टी यांवरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. वीस फैरींनंतर ती तुटलेली दिसली तर क्लिकना हात न लावता पुन्हा अल्कोहोलपासून सुरुवात.