कलिंगडाचे दोन विषाणू आणि दोडक्याची साक्ष

काकडी, कलिंगड किंवा दुधीच्या शेंड्याची पानं हिरवी-पिवळी, अरुंद आणि फोड आल्यासारखी झाली की ‘प्लॉटवर व्हायरस आला’ असं म्हटलं जातं. पण कोणता व्हायरस, हे पान बघून सांगता येत नाही. माव्यामार्फत येणारे निदान चार विषाणू जवळपास हेच चित्र उभं करतात. शिवाय पांढऱ्या माशीमार्फत येणारे किंवा नुसत्या हाताच्या, अवजाराच्या स्पर्शाने पसरणारे विषाणूही त्यात मिसळतात. या दिसण्याच्या सारखेपणामुळे नावांचा गोंधळ कित्येक दशकं चालला.

सुरुवात १९१६ ची. अमेरिकेत डूलिटल आणि जॅगर यांनी एकाच वर्षी काकडीच्या मोझॅक (पानांवर हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची नक्षी) रोगाचं वर्णन केलं. तोच कुकुंबर मोझॅक विषाणू. पुढे फ्लोरिडातल्या कलिंगडांवर वेगळाच मोझॅक आढळला आणि १९५४ मध्ये त्याचेही दोन प्रकार नोंदले गेले. वेब आणि स्कॉट यांनी १९६५ मध्ये त्यांना ‘वॉटरमेलन मोझॅक १’ आणि ‘२’ अशी नावं दिली. पहिला जवळजवळ वेलवर्गीय पिकांतच राहतो, तर दुसरा वाटाण्यासारख्या शेंगवर्गीय पिकांतही जातो. हे दोघं एकाच वेलात असले तर वेगळे करायला वेब यांनी वापरला तो आपला दोडका. क्रमांक १ दोडक्याच्या सगळ्या रोपात पसरतो, क्रमांक २ पसरत नाही. म्हणून दोडक्याच्या नव्या पानांतून काढलेल्या रसात क्रमांक १ शुद्ध मिळतो. इतकी स्वस्त आणि नेमकी युक्ती या विषयात दुसरी नाही.

अशी रसलागण, म्हणजे रोगट पानाचा रस चोळून निरोगी रोपाला मुद्दाम लागण करणं, आजही तशीच करतात. शेंड्याचं कोवळं, ठळक लक्षणं असलेलं पान घ्यायचं. १ ग्रॅम पानाला सुमारे ४ मिली थंड फॉस्फेट बफर (०.०३ ते ०.०५ मोलर, सामू ७ च्या आसपास) घालून वाटायचं, रोपाच्या दलपर्णांवर (बीतून निघणाऱ्या पहिल्या पानांवर) कार्बोरंडमची, म्हणजे बारीक ओरखडे पाडणारी खरखरीत पूड भुरभुरायची, रस हलक्या हाताने चोळायचा आणि लगेच पाण्याने धुवायचं. जोर लावला तर पेशी मरतात आणि ती जखमच लक्षण वाटते. म्हणून नुसता बफर चोळलेलं एक रोप शेजारी हवंच. चवळीवर दोन ते चार दिवसांत बारीक तपकिरी ठिपके आले तर कुकुंबर मोझॅकचा संशय बळावतो, पण त्याचे शेंगवर्गीय पिकांत रुळलेले काही प्रकार चवळीभर पसरतात, हे विसरू नये.

इटलीत १९७३ मध्ये झुकिनीवर सापडलेल्या विषाणूचं वर्णन १९८१ मध्ये झालं: झुकिनी यलो मोझॅक. भारतात दुधीवर त्याची नोंद २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. आता दोनऐवजी तीन विषाणूंचा उलगडा करायचा होता, आणि एकट्या दोडक्यावर भागेना. तोवर, १९७७ पासून, एलायझा चाचणी हाताशी आली होती. तिच्यात विषाणूला चिकटणाऱ्या प्रतिद्रव्यांनी (अँटीबॉडींनी) तो ओळखतात. तिच्यातही फसगत होते. झुकिनी यलो मोझॅक आणि वॉटरमेलन मोझॅक नातलग असल्याने काही प्रतिद्रव्यं दोघांनाही चिकटतात, आणि हे दोघं ज्या गटात मोडतात त्या सगळ्या पॉटीव्हायरस गटासाठी बनवलेलं किट फक्त गट सांगतं, विषाणूचं नाव नाही. त्याच पिकाचं निरोगी पान सोबत न लावता काढलेला आकडा निरर्थक असतो.

१९८४ च्या सुमारास प्रतिद्रव्यांच्याच कसोटीवर दिसलं, की ‘वॉटरमेलन मोझॅक १’ आणि पपईचा रिंगस्पॉट विषाणू वेगळे काढता येत नाहीत. तेव्हापासून क्रमांक १ ला पपई रिंगस्पॉटचा डब्ल्यू प्रकार म्हणतात आणि क्रमांक २ ला नुसतं वॉटरमेलन मोझॅक. जुना लेख वाचताना हे नामांतर लक्षात ठेवावं लागतं. पपईवर जाणारा पी प्रकार वेलांतही शिरू शकतो. त्यामुळे खानदेशासारख्या पपईच्या पट्ट्यात काकडीचा नमुना एलायझात ‘पपई रिंगस्पॉट’ निघाला, तरी पी की डब्ल्यू हे कळत नाही. पपईच्या रोपांवर रस चोळून तीन-चार आठवडे वाट पाहावी लागते. रोपं निरोगी राहिली तर डब्ल्यू.

फ्रान्समध्ये १९९२ मध्ये वर्णन झालेला कुकुर्बिट ॲफिड-बोर्न यलोज हा माव्यामार्फतच येणारा विषाणू सर्वांत उशिरा उमगला, कारण तो मोझॅक दाखवतच नाही. खालची जुनी पानं पिवळी, जाड, ठिसूळ होतात आणि ते अन्नद्रव्यांची कमतरता किंवा वेल पिकल्याचं लक्षण समजलं जातं. हा फक्त अन्नवाहिन्यांत राहतो, त्यामुळे रस चोळून कुठल्याच रोपावर उतरत नाही. इथे कोवळ्या शेंड्याऐवजी पिवळं जुनं पान घ्यायचं आणि थेट एलायझा किंवा आरटी-पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) करायचं.