न आणलेल्या स्पीकरचा आवाज

भाच्याच्या बँडचा कार्यक्रम होता. कोथरूडहून निघताना गिटार त्याच्या पाठीवर, हातात अँपचं काम करणारं जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र, आणि अँप, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारा स्पीकरसकटचा खोका, घरीच. "मामा, अँप कोण नेतं आता? यंत्र सरळ साउंडवाल्यांच्या मिक्सरला लावायचं आणि कानात इन-इअर, ते बोळ्यासारखे इअरफोन." अँपचा तो जड खोका रिक्षात कोंबून नेण्याचे दिवस मी पाहिले आहेत, म्हणून मी काही बोललो नाही. साउंडचेकला त्याने पहिला कॉर्ड वाजवला आणि पुढच्या रांगेतल्यांनी कानांवर हात ठेवले. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज! साउंडवाल्या काकांनी तिथल्या तिथे निदान केलं, "डिजिटल आहे ना, असंच वाजणार. गिटारला अँपचीच ऊब लागते."

काकांचं निदान चुकलं होतं. यंत्रातलं 'कॅब सिम्युलेशन', म्हणजे अँपच्या स्पीकरची आणि त्याच्या खोक्याची गणिती नक्कल, बंद राहिलं होतं. ते चालू केल्यावर गांधीलमाशी उडाली आणि गिटार वाजू लागली. त्या एका बटणात जे गणित भरलंय, त्याच्या मी गेले काही दिवस प्रेमात आहे.

गाणी ऐकायचा स्पीकर प्रामाणिक असावा, आत येईल तेच त्याने बाहेर द्यावं, अशी आपली अपेक्षा असते. गिटारचा स्पीकर मुळीच प्रामाणिक नसतो, आणि त्यातच त्याची किंमत आहे. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर साधारण 82 हर्ट्झचा. रॉक गिटारचं ते खरखरीत डिस्टॉर्शन म्हणजे या लहरीचे माथे आणि तळ सपाट छाटून टाकणं. छाटलं की कोपरे तयार होतात, आणि कोपरे बनायला मूळ वारंवारतेच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा लहरींची शिडीच लागते. ती एकसष्टपटीच्या पायरीवर 5000 हर्ट्झला पोहोचते आणि तिथेही न थांबता बारीक होत वर जाते. गांधीलमाशी राहते ती या वरच्या पायऱ्यांवर. गिटारच्या स्पीकरचा 12 इंची कागदी कोन, म्हणजे शंकूसारखा पडदा, या भागात हलायलाच तयार नसतो. सेलेस्टियन या ब्रिटिश कंपनीच्या 'ग्रीनबॅक' स्पीकरच्या माहितीपत्रकात त्याचा पल्लाच 75 ते 5000 हर्ट्झ दिलेला आहे. सभागृहातले मोठे स्पीकर मात्र वरचं सगळं इमानेइतबारे ऐकवतात. भाच्याची फजिती झाली ती त्यांच्या प्रामाणिकपणामुळे.

(हर्ट्झचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सूर जुळवण्याच्या नेहमीच्या 440 ऐवजी 432 हर्ट्झला वाद्य लावलं की ते 'विश्वाच्या स्पंदनाशी' जुळतं, असे व्हिडिओ घरोघरच्या ग्रुपवर फिरतात. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद माणसाने ठरवला, दिवसाचे 86,400 तुकडे करून. विश्वाला आपल्या घड्याळाची कल्पना असण्याचं कारण नाही.)

मग 5000 च्या वरचं कापून टाकलं की काम झालं? नाही. खालच्या भागातही कोन ठिकठिकाणी वेगवेगळा थरथरतो, लाकडी खोका काही सूर फुगवतो, काही गिळतो. प्रत्येक स्पीकरचा चढउतारांचा नकाशा वेगळा. हा सगळा नकाशा एकाच मोजणीत कसा उतरवायचा?

कसब्यातल्या कुंभारवाड्यात माठ घेताना आपण तो टिचकी मारून बघतो. एका टिचकीत माठ पक्का आहे की चिरलेला, सगळं कळतं. कारण टिचकी ही फार थोड्या वेळाची घटना आहे, आणि जितका क्षण छोटा तितक्या जास्त वारंवारता त्यात एकदम हजर असतात. माठाला जणू सगळे प्रश्न एकाच वेळी विचारले जातात. टिचकीनंतर उठणारा आणि विरत जाणारा आवाज हे त्याचं संपूर्ण उत्तर. या उत्तराला 'इम्पल्स रिस्पॉन्स' म्हणतात. गिटारवाले नुसतं 'आयआर' म्हणतात. गिटारच्या स्पीकरचं उत्तर फार लांबत नाही. आवाज सेकंदाला 48,000 वेळा मोजला, म्हणजे तितके नमुने घेतले, तर पुष्कळदा 1024 नमुन्यांत, म्हणजे 21 मिलिसेकंदांत, ते उरकतं.

आता पत्र्यावरचा पाऊस आठवा. एक थेंब पडल्यावर पत्रा कसा वाजतो हे माहीत आहे, आणि कोणता थेंब कधी, किती जोरात पडला याचं वेळापत्रकही हातात आहे, असं समजा. मग पत्र्याजवळ न जाता अख्ख्या पावसाचा आवाज कागदावर काढता येईल. प्रत्येक थेंबासाठी तोच 'टण्ण' त्याच्या जोराने गुणायचा, त्याच्या वेळेवर ठेवायचा आणि एकावर एक पडलेल्या सगळ्यांची बेरीज करायची. याचं नाव कन्व्होल्यूशन. गिटारचा विद्युत संकेत म्हणजे सेकंदाला 48,000 थेंबांचा पाऊस, आणि पत्रा म्हणजे घरी राहिलेला स्पीकर. सरळ पद्धतीने करायचं तर दर सेकंदाला चार कोटी 90 लाखांहून जास्त गुणाकार. डब्याएवढं यंत्र ते वाजवता वाजवता करतं.

खरी टिचकी मात्र स्पीकरला देता येत नाही. हळू मारली तर खोलीतल्या पंख्याच्या आवाजात हरवते, जोरात मारली तर कोन बिथरतो. म्हणून काही सेकंद टिकणारी, खर्जातून तारसप्तकाच्याही वर सरकत जाणारी एक शिट्टी वाजवतात आणि टिचकीचं उत्तर त्यातून गणिताने उलगडतात. शिट्टी घातांकी गतीने, म्हणजे ठरावीक वेळात वारंवारता दुप्पट होत जाईल अशी, सरकवली तर उलगडताना स्पीकरची स्वतःची विकृती मुख्य उत्तराच्या आधी, ऋण काळात, वेगळी होऊन पडते आणि कात्रीने कापावी तशी काढून टाकता येते. आंजेलो फारिना या इटालियन संशोधकाने 2000 साली मांडलेली ही युक्ती मला इतकी सुंदर वाटते की पहिल्यांदा आलेख पाहिला तेव्हा मी तो बायकोला बोलावून दाखवला. तिने कुकर लावायचा आहे असं सांगितलं.

हे सगळं एका अटीवर चालतं: टिचकी दुप्पट तर उत्तर दुप्पट, म्हणजे स्पीकर रेषीय हवा. साधारण आवाजात तो तसा वागतो. डिस्टॉर्शन ही अट साफ मोडतं, म्हणून ते आयआरमध्ये मावत नाही आणि क्रमही बदलता येत नाही. आधी डिस्टॉर्शन, मग स्पीकर. मोदक आधी वळायचा, मग उकडायचा.

एवढं करूनही भाचा कुरकुरत होताच, "कानाला टोचतंय." याचं कारण त्याच्या पोटऱ्यांत होतं. 12 इंचांचा कोन साधारण 1000 हर्ट्झच्या वर आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोर फेकू लागतो. अँप जमिनीवर असतं, म्हणजे आजवर तीक्ष्ण सूर त्याच्या पोटऱ्या ऐकत होत्या आणि कानाला वरून मवाळ झालेला आवाज मिळत होता. आयआर मात्र कोनाच्या अगदी जवळ ठेवलेल्या माईकने घेतलेला. कोनाच्या मध्यापासून कडेकडे सरकवलेल्या माईकचा आयआर निवडला आणि खोलीचा अगदी थोडा घुमारा मिसळला, तेव्हा त्याचा चेहरा सैल झाला. अँपपासून तीन मीटरवर उभं राहिलं तरी आवाज यायला नऊ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे चांगल्या यंत्राला हे गणित करायला दोन-चार मिलिसेकंद उशीर होतो, ही तक्रार मी मनावर घेत नाही.

'कानातले घ्यायचेत' असं त्याने घरी सांगितलं तेव्हा ताईला क्षणभर भलतीच आशा वाटली होती. या इन-इअरमधले इवलेसे ड्रायव्हर पुष्कळदा श्रवणयंत्रांसाठी घडलेल्या जातीचे असतात. ढोल-ताशाच्या शहरात त्यांचा मोठा उपयोग बाहेरचा गोंगाट अडवण्याचा. 85 डेसिबल कानाला आठ तास चालतात, पण दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, या अमेरिकी निकषाने 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं मिळतात. लोकांचा ओरडा ऐकू यावा म्हणून पुष्कळ वादक एक बोळा काढून ठेवतात. तसं केलं की उघडा कान ड्रमचा मार खातो आणि झाकलेल्या कानातला आवाज नकळत वाढवला जातो.

एक गोष्ट मात्र आयआरला जमत नाही. स्पीकरचा आवाज हवेतून तारेवर आपटतो, तार पुन्हा थरथरते आणि सूर संपतच नाही, तो फीडबॅक. कानात बोळे घातले की हे वर्तुळ तुटतं. भाच्याने आता स्टेजवर एक छोटा स्पीकर ठेवला आहे, फक्त गिटारला ऐकू यावं म्हणून.