जुहूला तरंगलेलं हेलिकॉप्टर केदारनाथला खाली का बसतं?

आमच्या सिम्युलेटरवर येणाऱ्या बहुतेकांना पहिल्याच तासाला एव्हरेस्टवर उतरायचं असतं. हौस कळते. तरी आम्ही आधी जुहूला नेतो, मग केदारनाथला. असं का, ते सांगायला हे पत्रक. आदल्या रात्री वाचून आलात तर सत्रातली पंधरा मिनिटं तुमचीच वाचतील.

जुहूचा विमानतळ अगदी समुद्राच्या पातळीला. तिथे बेल ४०७ जमिनीपासून दोन-तीन मीटरवर तरंगत ठेवायचं आणि टॉर्कचा, म्हणजे इंजिन पंख्याला किती जोर देतंय त्याचा, आकडा समोरच्या वहीत लिहायचा, एवढाच पहिला धडा. पहिली दहा मिनिटं हेलिकॉप्टर झिंगल्यासारखं डोलेल. मनावर घेऊ नका. दोन पायांमधला दांडा म्हणजे सायक्लिक, त्याने हेलिकॉप्टर हवं तिकडे झुकतं. तो दोन बोटांत धरा, मुठीत नको. डाव्या हाताचा कलेक्टिव्ह, तो ओढला की पात्यांचा कोन वाढतो आणि उचलही. पायातली पेडलं शेपटीच्या पंख्याची, त्यांनी नाक वळतं.

मग तेच हेलिकॉप्टर, तेवढंच वजन, आणि केदारनाथ. उंची ३,५८३ मीटर, म्हणजे सुमारे ११,७५० फूट. प्रमाण वातावरणाच्या, म्हणजे वैमानिक जी ठरावीक हवा गृहीत धरतात तिच्या, हिशेबाने तिथे तापमान उणे ८ अंश असायला हवं. आम्ही लावतो जूनची दुपार, १२ अंश. फरक २० अंशांचा. हवा गरम झाली की आणखी विरळ होते, जणू उंची वाढली; दर अंशाला साधारण १२० फूट धरतात. म्हणजे २,४०० फूट झाले. डोळ्यांना खाली ११,७५० फुटांवरचं देऊळ दिसतंय, पण पाती फिरतायत ती १४,१५० फुटांवरच्या हवेत. त्या हवेची घनता जुहूच्या हवेच्या जेमतेम दोन तृतीयांश. बाईकवरून खारदुंगला चढलेल्यांना गाडीला लागलेली धाप आठवत असेल, तीच ही गोष्ट.

एवढ्या विरळ हवेत तेच वजन पेलायचं तर कलेक्टिव्ह जास्त ओढावा लागतो. पण इंजिनही त्याच हवेवर चालतं. मुंबईत टॉर्कचा काटा आधी मर्यादेला भिडतो, वर टर्बाइनच्या तापमानाचा. नवखा माणूस नेमका इथे फसतो. हेलिकॉप्टर खचायला लागलं की हात आपोआप कलेक्टिव्ह आणखी ओढतो. तापमान लाल रेषेवर गेलेलं असतं, इंजिनाकडे द्यायला काही उरलेलं नसतं, मग पंख्याचे फेरे उतरतात आणि भोंगा वाजतो. डावं पेडल टोकापर्यंत दाबलं तरी नाक उजवीकडे वळायला लागतं, कारण शेपटीचा पंखाही त्याच विरळ हवेत फिरतोय. (बेलऐवजी एच१२५ हे दुसरं हेलिकॉप्टर घेतलंत तर पेडलं उलटी समजा, त्याचा पंखा वरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो.)

म्हणून उतरण्याआधी जवळच, हेलिपॅडच्या उंचीवर वेग हळूहळू कमी करून काटे वाचायचे. हातात किती शक्ती शिल्लक आहे ते तिथेच कळतं. कमी वाटली तर उतरायचं नाही. इंधन कमी करा, एक प्रवासी वगळा, परत या. आमच्याकडे टाकी निम्मी भरूनच सुरुवात होते.

वेग साधारण वीस नॉटच्या (ताशी सुमारे ३७ किलोमीटरच्या) खाली आला की पुढे जाण्यामुळे मिळणारी उचल संपते आणि हेलिकॉप्टर एकदम जड होतं. त्यात मिनिटाला ३०० फुटांहून जास्त वेगाने सरळ खाली येत असाल तर ते आपल्याच पंख्याने खाली ढकललेल्या हवेत अडकतं. अशा वेळी कलेक्टिव्ह ओढणं म्हणजे दलदलीत पाय झाडणं. नाक पुढे दाबा, वेग घ्या, बाहेर पडा. हे आम्ही मुद्दाम दोनदा करून घेतो, भरपूर उंचीवर.

वाऱ्याचं थोडक्यात: डोंगराच्या वाऱ्याकडच्या अंगाला हवा वर उचलते, पलीकडच्या अंगाला खाली दाबते. धार ओलांडताना समोरून जाऊ नका, ४५ अंशांत तिरके जा, म्हणजे दरीकडे वळून निघता येतं.

आणि एव्हरेस्ट? दिदिए देलसाल या फ्रेंच वैमानिकाने १४ मे २००५ रोजी एएस३५० बी३ तिथे टेकवलं, ३ मिनिटं ५० सेकंद. एच१२५ म्हणजे त्याच घराण्यातलं हेलिकॉप्टर. केदारनाथला तीनदा नीट उतरलात की आम्ही ते लावतो, त्याआधी हट्ट करू नका. सियाचीनची आवड असलेल्यांसाठी: तिथे वर्षानुवर्षं राबणारं चीता हेलिकॉप्टर म्हणजे लामा नावाचं फ्रेंच हेलिकॉप्टरच, हिंदुस्तान एरोनॉटिक्सने भारतात बांधलेलं. याच लामाने १९७२ मध्ये फ्रेंच वैमानिक जाँ बुले १२,४४२ मीटरपर्यंत गेले, इंजिन बंद पडलं आणि ते नुसत्या फिरत्या पंख्याच्या आधाराने खाली आले. ते उतरणं आमच्याकडे करून पाहता येतं.

केदारनाथ परिसरात ऑक्टोबर २०२२ आणि जून २०२५ मध्ये खरी हेलिकॉप्टरं कोसळली, दोन्ही वेळा सात-सात जण गेले. त्यामुळे तिथे मुद्दाम आपटून बघायची गंमत आम्ही करू देत नाही. ढग उतरले की परत फिरायचं, हाच सराव.

दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. हे टेबलावरचं सिम्युलेटर आहे, इथले तास परवान्याच्या लॉगबुकात धरले जात नाहीत. आणि हेलिकॉप्टर खचताना खऱ्या वैमानिकाला ते आधी बुडाला जाणवतं; इथे खुर्ची गप्प असते, त्यामुळे काट्यांवर नजर जास्त ठेवावी लागते. अंतराचा अंदाज पडद्यावर चुकतो, डोळ्यांवर लावायच्या व्हीआर हेडसेटमध्ये बराच बरा येतो. मात्र हेडसेट लावणार असाल तर वडापाव नंतर खा, त्यात मळमळू शकतं. पायात पातळ तळव्याचे बूट असू द्यात, जाड बुटांतून पेडल कळत नाही. दहा मिनिटं आधी या, खुर्ची आणि पेडलं तुमच्या मापाने लावायला तेवढा वेळ लागतो.